शल्यचिकित्सा निवासी प्रशिक्षणासाठी पसंतीक्रम

शल्यचिकित्सा निवासी प्रशिक्षणासाठी पसंतीक्रम म्हणजे एम.बी.बी.एस. पूर्ण केलेल्या डॉक्टरने शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी हव्या असलेल्या संस्था व अभ्यासक्रम यांची, अधिक पसंतीकडून कमी पसंतीकडे, केलेली क्रमवार यादी होय. अमेरिकेसारख्या देशांत ही यादी मुलाखतींनंतर तयार होते आणि रुग्णालयेही उमेदवारांची अशीच यादी करतात. भारतात मुलाखत नसते. राष्ट्रीय पातळीवरील लेखी परीक्षेतील गुणवत्ता क्रमांक आणि उमेदवाराने भरलेली यादी या दोनच गोष्टींवर जागावाटप होते. आरक्षण व पात्रतेचे नियम त्यांना लागू होतात. गुणवत्ता क्रमांक एकदा जाहीर झाला की उमेदवाराच्या हाती केवळ यादी उरते. महाराष्ट्रात, विशेषतः धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या २०२२ पर्यंत वैद्यकीय महाविद्यालय नसलेल्या भागांत, या यादीचा परिणाम उमेदवाराच्या तीन वर्षांपुरता राहत नाही; पुढे शल्यचिकित्सक कोठे उपलब्ध होतात यावरही तो होतो.

पार्श्वभूमी

रुग्णालयात राहून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने जबाबदारी घेत शल्यचिकित्सा शिकण्याची आधुनिक पद्धत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांनी रूढ केली. हे रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले. तेथील शिकाऊ डॉक्टर खरोखरच रुग्णालयाच्या आवारात राहत, त्यावरून 'निवासी डॉक्टर' ही संज्ञा आली. भारतात हाउसमन आणि रजिस्ट्रार ही ब्रिटिश वळणाची पदे दीर्घकाळ प्रचलित होती. पुढे त्यांची जागा कनिष्ठ व वरिष्ठ निवासी या पदांनी घेतली. महाराष्ट्रातील वॉर्डांत मात्र 'हाउसमन', 'रजिस्ट्रार' आणि 'लेक्चरर' हे शब्द बोलण्यात अजूनही टिकून आहेत.

भारतात सामान्य शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण प्रामुख्याने दोन मार्गांनी होते. विद्यापीठाची एम.एस. ही तीन वर्षांची पदवी हा एक मार्ग. राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान परीक्षा मंडळाची डी.एन.बी. ही तेवढ्याच कालावधीची अर्हता हा दुसरा. न्यूरोसर्जरी, बालशल्यचिकित्सा, प्लास्टिक सर्जरी आणि हृदय-उरोशल्यचिकित्सा यांत मंडळाचे सहा वर्षांचे थेट अभ्यासक्रमही आहेत. महाराष्ट्रातील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. आयुर्वेदातील शल्यतंत्राची पदव्युत्तर पदवीही एम.एस. या नावानेच ओळखली जाते, परंतु तिची प्रवेशपरीक्षा व प्रवेशप्रक्रिया वेगळी आहे. धाराशिव शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय अनेक दशकांपासून असल्याने तेथे हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

मुलाखतीनंतरची यादी: अमेरिकेतील पद्धत

अमेरिकेत १९५२ पासून निवासी प्रशिक्षणाच्या जागा 'मॅच' नावाच्या राष्ट्रीय जुळवणीद्वारे भरल्या जातात. त्याआधी रुग्णालये चांगले विद्यार्थी हातचे जाऊ नयेत म्हणून पदवीच्या कितीतरी आधी त्यांना बोलावून तातडीने होकार मागत. या ओढाताणीवर उपाय म्हणून मध्यवर्ती जुळवणी आली. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये अशा जुळवणीचे गणित स्वतंत्रपणे मांडले. ॲल्विन रॉथ यांच्या सहभागाने सुधारलेली, उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होणारी रीत १९९८ पासून वापरात आहे. रॉथ व शॅप्ली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल स्मृती पुरस्कार मिळाला.

या पद्धतीत उमेदवार अनेक रुग्णालयांकडे अर्ज करतो. त्यांपैकी काही त्याला मुलाखतीस बोलावतात. २०२० नंतर बहुतेक मुलाखती दूरदृश्य माध्यमातून होऊ लागल्या. त्यानंतर उमेदवार रुग्णालयांची आणि रुग्णालये उमेदवारांची यादी करतात. कोणी कोणाला कितवे स्थान दिले हे दुसऱ्या पक्षाला कळत नाही, आणि 'आम्हाला कितवा क्रमांक देणार' असे उमेदवारास विचारण्यास नियमाने मनाई आहे. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल लागतो व तो दोन्ही पक्षांवर बंधनकारक असतो. जागा न मिळालेल्यांसाठी २०१२ पासून त्याच आठवड्यात पूरक प्रक्रिया घेतली जाते.

मुलाखतीत उमेदवार ज्या बाबी तपासतो त्यांपैकी बऱ्याच मोजता येण्याजोग्या असतात. अमेरिकेत सामान्य शल्यचिकित्सेच्या पाच वर्षांत किमान ८५० मोठ्या शस्त्रक्रियांची नोंद अपेक्षित असते. कामाचे तास आठवड्याला सरासरी ८० पेक्षा अधिक नसावेत, असा नियम २००३ पासून आहे. भारतीय महाविद्यालयांतून पदवी घेऊन तेथे जाणाऱ्यांना परदेशी पदवीधरांसाठीचे प्रमाणपत्र, पात्रता परीक्षा आणि व्हिसा या तीन अटी पूर्ण कराव्या लागतात. शल्यचिकित्सेत त्यांच्यापुढे आणखी एक प्रश्न असतो. पूर्ण प्रशिक्षणाची हमी असलेली जागा आणि केवळ एका वर्षाची प्राथमिक जागा यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारची जागा मिळाली तर वर्षअखेरीस पुन्हा शोध सुरू करावा लागतो.

महाराष्ट्रातील प्रक्रिया

वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशासाठी 'नीट-पीजी' ही एकच परीक्षा २०१७ पासून लागू आहे. परीक्षेत २०० प्रश्न आणि ८०० गुण असतात. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकल्यास एक वजा होतो. एम्स, चंडीगडची पीजीआय, पुदुच्चेरीची जिपमेर अशा राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांसाठी २०२१ च्या सत्रापासून वेगळी संयुक्त परीक्षा आहे आणि ती वर्षातून दोनदा होते. दोन्हींत हाताचे कौशल्य, स्वभाव किंवा शल्यचिकित्सेची ओढ तपासली जात नाही. पक्षपाताला वाव राहू नये, हे मुलाखत नसण्याचे समर्थन आहे आणि ते बिनतोड आहे. त्याची दुसरी बाजू अशी की उमेदवार व विभाग यांची एकमेकांना पाहण्याची औपचारिक संधीच नाहीशी होते.

शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात असतात आणि त्यांचे वाटप केंद्रीय वैद्यकीय समुपदेशन समिती करते. उरलेल्या जागांचे वाटप महाराष्ट्रात राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजेच सीईटी सेल करतो. पूर्वी हे काम वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालयाकडे होते. अभिमत विद्यापीठांच्या जागा केंद्रीय समितीकडेच असतात. लातूरच्या महाविद्यालयातील शल्यचिकित्सेची जागा धाराशिवच्या उमेदवाराला त्यामुळे दोन स्वतंत्र वाटांनी मिळू शकते आणि त्याला दोन स्वतंत्र याद्या भराव्या लागतात.

प्रक्रिया संगणकीय होण्यापूर्वी उमेदवार गुणवत्ता क्रमांकानुसार समितीपुढे प्रत्यक्ष उभा राहत असे. समोरच्या फलकावर शिल्लक जागा दिसत आणि तो त्यांतून एक निवडत असे. आजची यादी म्हणजे त्याच दृश्याची आगाऊ लिहून दिलेली आवृत्ती आहे. संगणक उमेदवाराच्या क्रमांकापर्यंत पोहोचतो, त्याच्या यादीतील पहिली जागा शिल्लक आहे का पाहतो, नसल्यास दुसरी, मग तिसरी.

यादीचा क्रम आणि फेऱ्यांचे नियम

या रचनेतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते: एका फेरीपुरते पाहिले तर खऱ्या आवडीच्या क्रमाने यादी भरणे हेच उमेदवाराच्या हिताचे असते. 'पुणे मिळणार नाही, मग ते वर लिहून संधी का घालवायची' हा विचार विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो, परंतु तो चुकीचा आहे. समजा, एखाद्या उमेदवाराने पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था असा क्रम दिला. पुण्याची जागा आधीच गेलेली असेल तर संगणक ती ओलांडून सोलापूरकडे वळतो. पुणे वर लिहिल्यामुळे सोलापूरवरील त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. उलट त्याने सोलापूर वर लिहिले आणि त्याच्या क्रमांकावर पुण्याची जागा शिल्लक असेल, तर ती त्याला कधीच मिळणार नाही. मागील वर्षीचे अखेरचे गुणवत्ता क्रमांक यादी किती लांब ठेवावी हे ठरवण्यास उपयोगी पडतात. क्रम ठरवण्यासाठी त्यांचा काही उपयोग नाही. अमेरिकेतील जुळवणीची रीत वेगळी असली तरी तेथेही उमेदवाराने खरा क्रम लिहिणेच हिताचे ठरते.

खरी गुंतागुंत फेऱ्यांमधील नियमांत आहे. केंद्रीय समितीच्या प्रक्रियेत २०२१ च्या तुकडीपासून चार फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तरी साधारणतः दंड नसतो. पुढच्या फेऱ्यांत अनामत रक्कम जप्त होते, आणि त्यानंतर जागा सोडणे किंवा दुसऱ्या प्रक्रियेत भाग घेणेच बंद होत जाते. शासकीय जागांसाठी ही अनामत खुल्या प्रवर्गास २५,००० रुपये आणि राखीव प्रवर्गांस १०,००० रुपये राहिली आहे. अभिमत विद्यापीठांसाठी ती २ लाख रुपये आहे. नियम दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत नव्याने प्रसिद्ध होतात आणि त्यांत बदलही होतात, म्हणून आदल्या वर्षीच्या वरिष्ठाचा सल्ला नव्या पुस्तिकेशी ताडून घ्यावा लागतो.

सर्वाधिक चुका जागा सुधारून घेण्याच्या पर्यायात होतात. पहिल्या फेरीत प्रवेश घेतलेल्या उमेदवाराने पुढील फेरीत अधिक चांगल्या जागेची इच्छा दर्शवली आणि त्याच्या नव्या यादीतील कोणतीही जागा त्याला मिळाली, तर जुनी जागा आपोआप रद्द होऊन दुसऱ्याकडे जाते. नवी यादी भरताना हातातील जागेहून खरोखर सरस असलेलेच पर्याय लिहिणे त्यामुळे अत्यावश्यक असते. यादी लांब दिसावी म्हणून खाली भरलेले पर्याय येथे धोकादायक ठरतात. लातूरला शल्यचिकित्सा हाती असताना दूरच्या खासगी महाविद्यालयातील न परवडणारी जागा पदरात पडणे, ही चूक एका कळीने होते आणि ती दुरुस्त करता येत नाही.

दुसरा पेच विषय आणि संस्था यांच्या अदलाबदलीचा आहे. प्रत्येक ओळीत संस्था आणि विषय दोन्ही असतात. शल्यचिकित्साच हवी असलेला उमेदवार एकाच विषयाखाली अनेक महाविद्यालये लिहितो. शहर महत्त्वाचे मानणारा एकाच महाविद्यालयाखाली अनेक विषय लिहितो. मुंबईत भूलशास्त्र की अंबाजोगाईत शल्यचिकित्सा, या प्रश्नाचे उत्तर यादी भरण्याआधीच मनाशी ठरलेले असावे लागते. विषय आवडला नाही म्हणून मध्येच जागा सोडणाऱ्यांना महाविद्यालयाशी केलेल्या करारानुसार मोठा दंड भरावा लागे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना अशा दंडाऐवजी एक वर्ष प्रवेशबंदीसारखा पर्याय वापरण्याचे सुचवले.

विभागाची पारख

मुलाखत नसल्याने विभागाची माहिती उमेदवाराला स्वतःच मिळवावी लागते. बहुतेक जण त्या विभागातील दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला विचारतात. पहिल्या वर्षाचा डॉक्टर थकलेला असतो आणि तिसऱ्या वर्षाचा परीक्षेच्या तयारीत असतो, असे त्याचे कारण सांगितले जाते.

शस्त्रक्रियांची संख्या आणि त्यांतील निवासी डॉक्टरचा वाटा हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. मोठ्या शहरातील जुन्या रुग्णालयात यकृत, स्वादुपिंड, अन्ननलिका यांच्या अवघड शस्त्रक्रिया होतात, परंतु तेथे अतिविशेषोपचार शाखांचे प्रशिक्षणार्थीही असतात आणि कनिष्ठ निवासी बराच काळ सहायक म्हणून उभा राहतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात हर्निया, अपेंडिक्स, आतड्याला पडलेले छिद्र, मधुमेहाने सडलेला पाय, अपघातातील पोटाची इजा असे रुग्ण रोज येतात, आणि दुसऱ्या वर्षात स्वतःच्या हाताने शस्त्रक्रिया करण्याची संधी लवकर मिळू शकते. ती संधी देखरेखीविना मिळत असेल तर मात्र ते शिक्षण म्हणता येत नाही. रात्री दोन वाजता गुंतागुंत उद्भवली तर शस्त्रक्रियागृहात कोण येते, या प्रश्नाच्या उत्तरावरून विभागाची जितकी ओळख पटते तितकी शस्त्रक्रियांच्या एकूण आकड्यावरून पटत नाही. याखेरीज दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रियेची सोय, रक्तपेढी, अतिदक्षता विभागातील खाटा, सीटी स्कॅन रात्री चालू असते की नाही, युनिटप्रमुखांची संख्या आणि प्रबंधासाठी मिळणारे मार्गदर्शन यांची चौकशी केली जाते.

कामाच्या तासांबाबत लिखित नियम आणि वॉर्डातील वास्तव यांत तफावत आहे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेत सलग १२ तासांहून अधिक काम नसावे आणि आठवड्याचे काम ४८ तासांचे असावे, असे म्हटले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत आकडा न देता 'वाजवी' तास असा शब्द आहे. वर्षाला किमान २० दिवसांची नैमित्तिक रजा, साप्ताहिक सुटी आणि ५ दिवसांची शैक्षणिक रजा मात्र तीत नमूद आहे. शल्यचिकित्सेत आपत्कालीन ड्युटीचा दिवस या मर्यादांत क्वचितच बसतो. वसतिगृह, ड्युटी खोली, सुरक्षा आणि विद्यावेतनातील विलंब हे 'मार्ड' या महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या आंदोलनांतील वारंवार येणारे विषय आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील रुग्णालयात निवासी डॉक्टरची हत्या झाल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. तेव्हापासून रात्रपाळीतील विश्रांतीची जागा कोठे आहे हाही उघडपणे विचारला जाणारा प्रश्न झाला आहे.

न्यायालयीन वाद

पसंतीक्रम भरून बसलेल्या उमेदवारांना न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागणे महाराष्ट्रात नवे नाही. सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गासाठीचा २०१८ चा कायदा २०१९ च्या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांना लावण्यात आला. प्रवेशप्रक्रिया कायद्याआधीच सुरू झाल्याचे कारण देत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मे २०१९ मध्ये ते अमान्य केले. सर्वोच्च न्यायालयातही हाच निर्णय टिकला आणि त्यानंतर राज्य सरकारने अध्यादेश काढला. या काळात जागा मिळालेले आणि न मिळालेले, असे दोन्ही बाजूंचे विद्यार्थी आंदोलनात उतरले होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये झालेल्या परीक्षेचे जागावाटप आर्थिक दुर्बल घटकांच्या निकषांवरील खटल्यामुळे जानेवारी २०२२ पर्यंत लांबले. २०२४ ची परीक्षा नियोजित दिवसाच्या आदल्या रात्री पुढे ढकलण्यात आली आणि ११ ऑगस्टला दोन सत्रांत झाली. अधिवासाच्या आधारे पदव्युत्तर वैद्यकीय जागा राखून ठेवणे घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी दिला. संस्थेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना मर्यादित प्राधान्य देण्याची मुभा मात्र कायम ठेवली. आधी झालेले प्रवेश या निकालाने बाधित झाले नाहीत.

धाराशिव जिल्ह्यातील स्थिती

धाराशिव जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी असे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,५७,५७६ होती. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश झाला त्यांत हा एक आहे. सोलापूर-हैदराबाद आणि सोलापूर-धुळे हे राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्यातून जातात, त्यामुळे अपघातातील जखमींवर तातडीची शस्त्रक्रिया ही येथील नित्याची गरज आहे. अवघड रुग्ण दीर्घकाळ सोलापूर किंवा लातूरला पाठवले जात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूरसह जिल्ह्याच्या दक्षिण भागातील गावे उद्ध्वस्त झाली, तेव्हाही अनेक जखमींना जिल्ह्याबाहेरच्या रुग्णालयांत हलवावे लागले होते.

धाराशिव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२-२३ मध्ये १०० एम.बी.बी.एस. जागांसह सुरू झाले. तोपर्यंत जिल्ह्यातील विद्यार्थी एम.बी.बी.एस. आणि पुढील प्रशिक्षण दोन्हींसाठी बाहेर जात. प्रदेशानुसार ७० टक्के जागा राखून ठेवणारी एम.बी.बी.एस. प्रवेशाची पद्धत मराठवाड्यातील विद्यार्थ्यांवर अन्याय करते, अशी दीर्घकाळ तक्रार होती. ती पद्धत राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये रद्द केली. शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर जागांसाठी जिल्ह्यातील उमेदवारांच्या याद्यांत सोलापूर, लातूर, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड ही नजीकची केंद्रे असतात. घराजवळ राहण्याचा हिशेब येथे केवळ भावनिक नसतो. शेती आणि वृद्ध आईवडील यांची जबाबदारी असलेल्या डॉक्टरला सोलापूर सुमारे दीड तासाच्या अंतरावर असणे आणि मुंबई रात्रभराच्या प्रवासावर असणे यांत तीन वर्षे मोठा फरक पडतो. शिवाय पुढे याच भागात व्यवसाय करायचा असेल तर प्रशिक्षणकाळात झालेली ओळख उपयोगी पडते.

शल्यचिकित्सकांची कमतरता ही देशव्यापी समस्या आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत ८३ टक्के शल्यचिकित्सकांची उणीव होती. ती भरून काढण्यासाठी केलेल्या तीन तरतुदी उमेदवाराच्या पसंतीक्रमावरही परिणाम करतात.

पहिली तरतूद बंधपत्राची. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयातून एम.एस. झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते. ती न केल्यास ५० लाख रुपये भरावे लागतात. खासगी संस्थेतील जास्त शुल्क आणि शासकीय संस्थेतील हे एक वर्ष यांची तुलना यादी भरतानाच केली जाते.

दुसरी तरतूद जिल्हा निवासी कार्यक्रमाची. २०२१ च्या तुकडीपासून प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करणे बंधनकारक आहे. शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्याला येथे बाह्यरुग्ण विभाग, अपघात विभाग आणि शस्त्रक्रियागृह अशी तिन्ही ठिकाणे सांभाळावी लागतात. जेथे वरिष्ठ शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ हजर असतात तेथे या तीन महिन्यांत शिकायला मिळते; जेथे ते नसतात तेथे केवळ मनुष्यबळाची भरपाई होते.

तिसरी तरतूद सेवांतर्गत उमेदवारांची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत व ग्रामीण रुग्णालयांत काम करणाऱ्या शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी मान्य केला. त्यानंतर महाराष्ट्राने २०२२ मध्ये २० टक्के सेवांतर्गत कोटा लागू केला. या कोट्यातून एम.एस. होणाऱ्या अधिकाऱ्याला शासकीय सेवेत परतावे लागते. भूम किंवा परंडा भागातील आरोग्य केंद्रात काही वर्षे काढलेला अधिकारी अशा मार्गाने शल्यचिकित्सक होऊन तुळजापूर किंवा उमरग्याच्या उपजिल्हा रुग्णालयात रुजू होऊ शकतो. अशा उमेदवाराची यादी सहसा छोटी असते: विषय एकच आणि महाविद्यालये चार-पाच.